‘याला इथं झेपणार नाही’ असं शाळा म्हणते तेव्हा

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका आईने लांब पत्र लिहून विचारलं आहे, थोडक्यात असं: माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, त्याला डाउन सिंड्रोम आहे. गावातल्या सरकारी मराठी शाळेत तो चौथीत आहे. शाळेत मुलं थोडी, बाई मायाळू, त्यामुळे चार वर्षं कशी गेली कळलं नाही. आता पाचवीला चार किलोमीटरवरच्या हायस्कुलात जायचं आहे, तिथं सगळं इंग्रजीतून. मुख्याध्यापक म्हणाले, ‘वर्गात चाळीस मुलं आहेत, याला इथं झेपणार नाही. स्पेशल स्कूलमध्ये घाला, त्याचंच भलं होईल.’ घरातही दोन मतं आहेत. सासूबाई त्याला जत्रेला, लग्नाकार्याला न्यायला नको म्हणतात, लोक बघत बसतात म्हणून. मी काय करू?

ताई, मी तेवीस वर्षं दिव्यांग मुलांना शिकवण्याचं काम करते. पहिली सात वर्षं विशेष शाळेत शिकवलं. त्यानंतर बार्देश, डिचोली, सत्तरीतल्या नेहमीच्या शाळांमध्ये जाऊन तिथल्या शिक्षकांबरोबर बसते. तुमचा प्रश्न दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर कुणी ना कुणी आई मला विचारतेच, आणि बहुतेक वेळा तो चौथी संपतानाच येतो. आपल्या गोव्यात शाळेची घडीच तशी बसली आहे. बहुतेक सरकारी शाळांत चौथीपर्यंत मराठी किंवा कोंकणी आणि पाचवीला पाऊल टाकलं की इंग्रजी. कसलीही अडचण नसलेली मुलंसुद्धा त्या वर्षी गांगरतात. तुमच्या मुलाला एकदम नवी इमारत, नवी भाषा, दर तासाला नवे शिक्षक आणि बालरथाचा, म्हणजे शाळेच्या बसचा, प्रवास असं सगळं येणार आहे. तेव्हा तुमची धास्ती खरी आहे. तरी माझं उत्तर सुरुवातीलाच सांगते: त्याला हायस्कुलातच घाला.

आधी कायद्याचं बोलते, कारण ते लवकर संपतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम १६ प्रमाणे सरकारी, अनुदानित किंवा सरकारमान्य शाळेला दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावाच लागतो आणि त्याच्या गरजेप्रमाणे सोयही करावी लागते. कलम ३१ म्हणतं की ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या निवडीप्रमाणे, मोफत शिकता येईल. निवड मुलाची, म्हणजे त्याच्या वतीने तुमची. मुख्याध्यापक सल्ला देऊ शकतात, निवड करू शकत नाहीत.

प्रवेशाचा अर्ज लेखी द्या, आवक क्रमांक घ्या. नकार देणार असतील तर तो कागदावर मागा. इतक्या वर्षांत लेखी नकार देणारे मुख्याध्यापक मला भेटलेले नाहीत. तशीच वेळ आली तर भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा, आणि तिथंही अडलं तर राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे तक्रार करता येते. ‘स्वावलंबन’ पोर्टलवर काढलेलं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, हाताशी ठेवा. ते अजून काढलं नसेल तर आजच अर्ज भरा, कारण पुढची प्रत्येक सवलत त्या कार्डावर अडते.

पण मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरताना कायद्याचं पुस्तक पुढे धरू नका, एवढी माझी विनंती आहे. त्या गृहस्थांना भीती वाटते आहे. चाळीस मुलांच्या वर्गात एकच शिक्षिका, तिला या मुलाला काय शिकवायचं हे कुणी शिकवलेलं नाही, आणि मदतीला विशेष शिक्षक नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढच्या वर्गांत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असं सांगितलं आहे. शाळेने त्यासाठी शिक्षण खात्याकडे मागणी करायला हवी, आणि तुम्ही पालक म्हणून त्या मागणीपत्राखाली सही करायला तयार आहात, हे मुख्याध्यापकांना सांगा. वाकडा चेहरा करून बसलेला माणूस अशा एका वाक्याने तुमच्या बाजूला येऊन बसलेला मी पाहिलाय.

प्रवेश मिळाला म्हणजे झालं, असं मीही पूर्वी समजत होते. एक अनुभव सांगते, तो सांगितल्याशिवाय मला पुढचं बोलता येणार नाही. सोळा-सतरा वर्षांपूर्वी एका मुलीला मी मोठ्या खटपटीने नेहमीच्या शाळेत घातलं. महिन्यातून एकदा मी तिच्या शाळेत जायची. ती शेवटच्या बाकावर स्वच्छ गणवेशात, वही उघडून बसलेली असायची. शिक्षिका म्हणायच्या, ‘काही त्रास नाही हो तिचा.’ हजेरीपटावर सगळे दिवस ‘ह’. मला समाधान होतं. तिसऱ्या वर्षी ती तापाने आजारी पडली आणि तीन आठवडे शाळेत आली नाही. मी वर्गात गेले आणि विचारलं, ती का येत नाही? मुलं एकमेकांकडे बघायला लागली. ती येत नाहीये हे बऱ्याच जणांच्या लक्षातच आलं नव्हतं. तिच्याशेजारी बसणाऱ्या मुलीनेसुद्धा बाकावर ऐसपैस दप्तर पसरून घेतलं होतं. तीन वर्षं ती त्या खोलीत होती आणि तिच्यावाचून कुणाचंही काही अडलं नव्हतं. तो दोष माझा होता. तिला आत नेलं आणि तिथं तिच्याकडे कसलंच काम दिलं नाही.

तेव्हापासून मी कुठल्याही शाळेत, देवळात, क्लबात एकच गोष्ट तपासते: हे मूल आज आलं नाही तर कुणाचं काय अडेल? उत्तर ‘काही नाही’ असेल तर ते मूल अजून आत आलेलं नाही.

तुमच्या मुलासाठी हायस्कुलात असं काम पहिल्या आठवड्यातच शोधा, आणि ते खोटं नको. ‘छान छान’ म्हणत नुसत्या टाळ्या मिळतात ते काम खोटं, मुलांना ते लगेच कळतं. एका हायस्कुलात आम्ही असं केलं. मध्यान्ह आहार आणणाऱ्या महिला मंडळाच्या बायकांना रोज वर्गवार आकडा लागतो, आज किती मुलं जेवणार. पाचवीच्या वर्गाचा आकडा एका मुलाकडे दिला. तो हजेरीनंतर वर्गात फिरायचा, एकेका डोक्याला बोट लावून मोजायचा, चिठ्ठीवर आकडा लिहायचा आणि खाली नेऊन द्यायचा. पहिल्या पंधरवड्यात आकडा चुकायचा. अडतीसचे बत्तीस व्हायचे आणि सहा जणांना पाव कमी पडायचे. मग वर्गातल्याच एका मुलीने युक्ती काढली. प्रत्येक रांगेपुढे एक दगड ठेवायचा, रांग मोजून झाली की दगड उचलून खिशात. आकडा बरोबर यायला लागला. महिन्याभरात अशी गत झाली की तो एक दिवस गैरहजर राहिला तर आहाराची बाई जिन्याखालून हाक मारायची, ‘अरे, आज पाचवीचा कोण येणार?’ त्याच्या आईला मी हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

अभ्यासाचं बोलू. डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात हे तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलं असेलच. शिकवणाऱ्याने लक्षात ठेवायची गोष्ट वेगळी आहे. या मुलांची कानाने ऐकलेलं थोडा वेळ धरून ठेवण्याची शक्ती कमी असते, आणि डोळ्यांनी पाहिलेलं त्या मानाने चांगलं टिकतं. आपण मात्र करतो उलट. मूल ऐकत नाही म्हणून तेच वाक्य आणखी मोठ्याने, पाच वेळा सांगतो. ते हवेत विरतं. तेच चित्रात, वस्तूत, लिहिलेल्या शब्दात समोर ठेवलं की राहतं.

म्हणून इंग्रजीची भीती मला तुमच्याइतकी वाटत नाही. अक्षरं जोडत वाचायला या मुलांना जड जातं, पण अख्खा शब्द चित्रासारखा ओळखायला त्यातली बरीच मुलं लवकर शिकतात, मग तो शब्द कुठल्याही भाषेतला असो. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी सुरू करा. पोस्टकार्डाएवढे पुठ्ठे कापा. त्याच्या रोजच्या जगातले चार इंग्रजी शब्द निवडा: बस, फिश, रेन, बॅग. प्रत्येकाचे दोन पुठ्ठे करा, एकावर चित्र आणि खाली ठळक शब्द, दुसऱ्यावर नुसता शब्द. पहिले काही दिवस फक्त जुळवायचं, सारख्या शब्दावर सारखा शब्द. ते सहज जमलं की नुसते शब्द पसरून म्हणायचं, ‘फिश दे.’ तेही जमलं की मग एक पुठ्ठा उचलून विचारायचं, ‘हे काय?’ हा क्रम मोडू नका. आपल्याला घाई असते, आपण पहिल्याच दिवशी ‘हे काय?’ विचारतो, मूल चुकतं, आपलं तोंड पडतं, आणि ते त्याला आपल्या आधी दिसतं. अडखळला तर लगेच बोट दाखवून द्या, चुकू देऊ नका. सकाळी पाच मिनिटं, संध्याकाळी पाच मिनिटं. चार शब्द पक्के झाले की पाचवा. शाळा सुरू होईपर्यंत वीस शब्द झाले तर मोठं काम झालं, दहा झाले तरी चालेल. मराठी बंद करू नका. घरात मराठी बोलता, अंगणात कोंकणी ऐकतो, ती चालू राहू द्या. इंग्रजी यावी म्हणून घरातली भाषा तोडणारे पालक मी पाहिले आहेत, त्यांच्या मुलांना मग आजीशी बोलता येईना आणि इंग्रजीही येईना.

दुसरी अडचण हाताची. यांचे स्नायू सैल असतात, बोटं आखूड असतात, लिहिताना हात लवकर दुखतो. आणि पाचवीत निम्मा तास जातो फळ्यावरचं उतरवून घेण्यात. तिथं हा मुलगा हरणार. शिक्षिकेला सांगा, उतरवून घेणं हा त्याचा अभ्यास नाही, त्याने शब्दांच्या चिठ्ठ्या वहीत चिकटवल्या तरी पुरे.

‘म्हणजे त्याला वेगळं काही द्यायचं आणि आम्ही वर्ग कधी शिकवायचा?’ असं शिक्षक विचारतात. एका वर्गात आम्ही वनस्पतींच्या भागांचा धडा असा घेतला. शाळेच्या मागच्या वाफ्यातून मिरचीचं एक रोप मुळासकट उपटून आणलं, मूळ, खोड, पान, फूल, फळ सगळं एकाच ठिकाणी. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या हातात ते रोप आणि पाच चिठ्ठ्या दिल्या. शिक्षिका भागाचं नाव घेणार, त्याने चिठ्ठी त्या भागाला टाचणीने लावायची आणि रोप वर धरून सगळ्यांना दाखवायचं. बाकीची मुलं ते बघून आकृती काढणार आणि दहा ओळी लिहिणार. त्याची परीक्षा पाच शब्दांची, त्यांची दहा ओळींची. धडा एकच, आणि त्याने रोप धरल्याशिवाय पुढे न जाणारा. त्या बाईंना याला वेगळा वेळ द्यावा लागला नाही. गणितात अपूर्णांक आले की पोई, म्हणजे आपला गोल पाव, घ्या: अर्धी, चौथाई. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी दारात येतोच.

शॅडो टीचर, म्हणजे वर्गात मुलासोबत बसणारी मदतनीस, ठेवू का, असं तुम्ही पुढे विचाराल. सुरुवातीला सहा-आठ आठवडे कुणी सोबत असलेलं चांगलं. त्यापुढे मात्र जपून. मोठं माणूस सतत खेटून बसलं की मुलं जवळ येत नाहीत आणि वर्गशिक्षिका त्या मुलाशी थेट बोलणं सोडून देते, सगळं त्या बाईमार्फत चालतं. ठेवलीतच तर तिला वर्गात मागे बसू द्या आणि इतर मुलांनाही मदत करू द्या.

शाळेआधी काही तपासण्या करून घ्या, यात हयगय नको. कानाच्या पडद्यामागे पाणी साचून कमी ऐकू येणं या मुलांत फार आढळतं. ‘लक्ष देत नाही’ म्हणून बोलणी खाणारी किती तरी मुलं नुसती ऐकू न आल्यामुळे गप्प असतात. डोळे तपासा. थायरॉइडची रक्ततपासणी दरवर्षी हवी. हृदयाची तपासणी लहानपणी झाली असेलच, तिचा कागद फायलीत ठेवा. आणि मानेचं डॉक्टरांना आवर्जून विचारा. काही मुलांत मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो, त्यामुळे डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवेपर्यंत खेळाच्या तासाला कोलांटी उडी नको. खेळाच्या सरांना हे कागदावर लिहून द्या, तोंडी सांगितलेलं जूनच्या गडबडीत विसरलं जातं.

बालरथाची पायरी उंच असते. सुट्टीत कधी गाडी उभी दिसली तर चढ-उताराचा सराव करून घ्या, एकदा कोरड्यात आणि एकदा पावसात. आपल्याकडे जून उजाडला की चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, आणि सैल सांध्यांची मुलं घसरतात. शाळेचं स्वच्छतागृह, नळ, वर्गाचा दरवाजा, जिना हे सगळं शाळा रिकामी असताना त्याला दाखवून आणा. फोटो काढा, घरी रोज दाखवा. अनोळखी जागेची निम्मी भीती तिथंच जाते.

विशेष शाळेबद्दल माझ्या मनात जराही अढी नाही. ढवळीचं लोकविश्वास प्रतिष्ठान, पर्वरीचं संजय स्कूल यांसारख्या संस्थांनी गोव्यात हे काम कुणी विचारत नव्हतं तेव्हापासून केलंय. ज्या मुलाला दिवसभर एकाला एक अशी मदत लागते, ज्याला गर्दी आणि आवाज अजिबात सोसत नाही, किंवा ज्याला अनेक अपंगत्वं एकत्र आहेत आणि रोज थेरपी लागते, त्याच्यासाठी काही वर्षं तरी ती जागा चांगली. तुमचा मुलगा चार वर्षं गावच्या शाळेत रमला, बाईंचं ऐकतो, स्वतः जेवतो, शौचाला सांगतो असं तुम्ही लिहिलंय. अशा मुलाला वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, मित्रांपासून तोडून रोज तासभर लांब पाठवायचं कारण मला दिसत नाही. त्या संस्थांमधल्या तज्ज्ञांची मदत मात्र जरूर घ्या. वाचा-उपचार, हाताच्या व्यायामाची थेरपी, शिक्षकांना सल्ला, यासाठी त्यांच्याकडे विचारणा करा. दोन वर्षांनी वाटलं की इथं काहीच होत नाहीये, तर निर्णय बदलता येतो. त्यात हार नाही.

दहावीचा प्रश्न पाच वर्षांनी येईल, आज त्याचं ओझं घेऊ नका. जादा वेळ आणि लेखनिक या सवलती आहेत. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे परीक्षेच्या दर तासामागे किमान २० मिनिटं जादा मिळायला हवीत. एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची) मुक्त शाळा हाही रस्ता आहे, तिथं पाच विषय पाच वर्षांत विभागून देता येतात.

आता सासूबाईंचं. त्यांना मी वाईट म्हणणार नाही. लोकांच्या नजरा त्यांनी तुमच्यापेक्षा जास्त वर्षं झेलल्या आहेत, आणि त्या नजरांपासून नातवाला वाचवायचं म्हणून त्या त्याला घरात ठेवू पाहतात. पण त्याला जगायचंय ते याच गावात, याच माणसांमध्ये. शाळा आठ-दहा वर्षांत संपते, वाडा संपत नाही.

फोंडा तालुक्यातल्या एका गावातली गोष्ट सांगते. तिथं जत्रेला गावकऱ्यांचं मराठी नाटक होतं, आपल्याकडे गावोगावी होतं तसं. महिनाभर रात्री देवळाच्या आवारातल्या अग्रशाळेत तालीम चालते. बौद्धिक अपंगत्व असलेला बाविसेक वर्षांचा एक तरुण रोज तालमीला येऊन कोपऱ्यात बसायचा. लोक त्याला चहा द्यायचे, पाठीवर थाप मारायचे, बस्स. एका वर्षी पेटीवाल्या मास्तरांनी त्याच्या हातात पडद्याची दोरी दिली. मास्तरांनी मला काही विचारलेलं नव्हतं, त्यांनी अपंगांच्या शिक्षणाचा कुठलाही कोर्स केलेला नव्हता. त्यांनी फक्त एक गोष्ट पक्की केली. शब्दावर पडदा टाकायचा नाही, कारण नट शब्द बदलतात. मास्तर डावा हात पेटीवरून उचलून गुडघ्यावर ठेवतील, तीच खूण. तो तरुण पूर्ण नाटकभर मास्तरांच्या डाव्या हाताकडे बघत उभा असायचा. तळहाताला दोरीचे वळ उठायचे, पण दोरी सोडायचा नाही. पाच वर्षं त्याने एकही पडदा चुकवला नाही. सहाव्या वर्षी त्याला टायफॉइड झाला. दोरी दुसऱ्या कुणाच्या हातात गेली आणि दुसऱ्या अंकाचा पडदा नटाचं शेवटचं वाक्य पुरं व्हायच्या आत पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या तळीवर, दुकानात, बसच्या थांब्यावर लोक एकमेकांना विचारत होते, ‘तो कुठं होता काल? बरा आहे ना?’ आणि दुपारपर्यंत त्याच्या घरी सात-आठ माणसं येऊन गेली.

पेटीवाल्या मास्तरांनी जे केलं ते मी पुढे शिक्षकांना शिकवत आलेय: खरं काम द्यायचं, आणि खूण अशी ठेवायची की जी त्या माणसाला नेमकी कळते.

तुम्ही एकदम जत्रेपासून सुरुवात करू नका. गर्दी मोठी, लाउडस्पीकर मोठा, तिथं तुमचाच धीर सुटेल. वाड्यावरच्या सोमवारच्या किंवा गुरुवारच्या भजनाला न्या. त्याच्या हातात झांज द्या आणि झांज वाजवणाऱ्याच्या शेजारी, त्याचे हात दिसतील असा बसवा. पहिल्या दिवशी एक अभंग, मग घरी. तो कंटाळायच्या आधी, आनंदात असतानाच उठायचं, म्हणजे पुढच्या वेळी तोच चप्पल शोधेल. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आरत्या घरोघर फिरतात तेव्हा घुमट आणि शामेळ या आपल्या वाद्यांबरोबर त्याची झांज असू द्या. गणपतीवरच्या माटोळीला फळं बांधायच्या वेळी काकांना फळ हातात देणारा तोच असू द्या. सासूबाईंना भाषण देऊ नका, फक्त चवथीच्या आरतीला त्यांना समोर बसवा. जमलं तर घरातल्या सगळ्यांना एकदा पणजीच्या पर्पल फेस्टला, म्हणजे दिव्यांगांच्या महोत्सवाला, घेऊन जा. जानेवारी २०२३ मध्ये तो पहिल्यांदा भरला, आणि मोठ्या वयाची दिव्यांग माणसं नाचताना, दुकान चालवताना, भाषण करताना एकाच जागी इतकी दिसण्याचा प्रसंग आपल्याकडे त्याआधी नव्हता. आजीने ते बघायला हवं. तरी वाड्यावरच्या भजनाचं मोल माझ्या लेखी जास्त, कारण तिथं तो पुढच्या सोमवारी परत जाणार असतो.

लोक बघतात, हे खरं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला बघणं कमी होतं. बघणाऱ्याकडे दुर्लक्ष करण्यापेक्षा मुलाला म्हणा, ‘नमस्कार कर.’ नमस्कार आला की समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं आणि मग बोलणं सुरू होतं. कुणी ‘भोळा आहे बिचारा’ म्हणालं तर भांडू नका. ‘भोळा नाही हो, झांज छान वाजवतो,’ एवढंच म्हणा. शब्दांवरून माणसं तोडायला आपल्याला परवडत नाही. मात्र कुणी मुद्दाम चारचौघांत अपमान केला तर तो २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही ठाऊक असू द्या.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचं मूल व्हीलचेअरवर असेल तर त्यांच्यासाठी दोन ओळी. उताराचं गणित एकास बारा, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या एका पायरीला १.८ मीटर लांब उतार. तीन पायऱ्यांना साडेपाच मीटरच्या आसपास जागा लागते. गावागावात तीन पायऱ्यांवर दीड मीटरची घसरगुंडी बांधून ‘रॅम्प केला’ म्हणतात, तिच्यावरून ढकलणारा आणि बसलेला दोघंही पडतील. ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या एखाद्या रविवारी असते. तिथं माप लिहिलेला अर्ज द्या आणि तो इतिवृत्तात नोंदवून घ्या. २०११ च्या जनगणनेत गोव्यात सुमारे ३३ हजार दिव्यांग व्यक्ती मोजल्या गेल्या. प्रत्येक पंचायतीच्या हद्दीत ती माणसं आहेत, ग्रामसभेला मात्र फार थोडी दिसतात, कारण सभागृहाला पायऱ्या आहेत.

‘आमच्यानंतर त्याचं काय?’ हे तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिलंय, पण पत्राचं खरं वजन तिथंच आहे हे मला कळलं. तो १८ वर्षांचा झाला की बौद्धिक अपंगत्वासाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून पालकत्वाचं प्रमाणपत्र घेता येतं. त्याच न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना एक लाख रुपयांपर्यंतची आहे, ती आत्ताच काढा. पैशाची सोय करायची ती करा. पण आई-वडिलांमागे ज्या लोकांचं बरं चाललेलं मी पाहिलं, त्यांच्याभोवती गाव होतं. सकाळी दुकानाचं शटर उघडायला, भजनाची चटई घालायला कुणी तरी त्यांची वाट बघत होतं. त्या तरुणाच्या घरी सात-आठ माणसं गेली, ती अशीच गेली. ते आजपासून बांधायला वेळ लागतो, म्हणून सोमवारचं भजन.

पहिलं काम मात्र याच आठवड्यात करा. एका पानावर मुलाबद्दल त्याच्याच तोंडून लिहा, मोठ्या अक्षरांत, फोटो लावून. मला काय आवडतं. मला काय येतं. मला कशाची भीती वाटते. माझ्याशी कसं बोलायचं: छोटं वाक्य, एकदाच, मग दहापर्यंत मोजायचं आणि वाट बघायची, कारण मला उत्तर द्यायला वेळ लागतो. मी हट्टाला पेटून खाली बसलो तर ओढू नका, शेजारी बसा. माझी मान जपा. डाउन सिंड्रोमचं नाव सगळ्यांत शेवटी लिहा. पत्रात तुम्ही ते पहिल्या ओळीत लिहिलं होतं, आणि त्याला झांज आवडते हे मला चौथ्या पानावर कळलं. त्या कागदाच्या प्रती वर्गशिक्षिकेला, खेळाच्या सरांना आणि आहाराच्या बायकांना द्या. एक प्रत बालरथाच्या ड्रायव्हरलाही द्या, रोज सकाळी शाळेचं पहिलं माणूस त्याला तेच भेटणार आहे.